भिंतीत शिरलेला साप धामणच होता का?

मंडळी, संध्याकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

इथे कतारला, मदिनत खलीफातल्या आमच्या अंगणात आज साप निघाला. माळी फावडं घेऊन धावला. मीच ओरडलो, "मत मारो! धामण है, जहर नहीं!" तो थांबला आणि साप कुंपणाच्या भिंतीतल्या बिळात शिरला.

अंगावर ठिपके होते. रत्नागिरीला आमच्या वाडीत धामणी पिवळ्याही दिसत, काळपटही. मधलीच एखादी दिसली, की आम्ही दोन्हींची मिश्र म्हणायचो. इथेही मी तसंच धरून चाललो.

संध्याकाळी मुलाने मी मोबाइलवर काढलेला सापाचा फोटो पाहिला. "अब्बा, आपली धामण कतारमध्ये नसतेच. जे ओळखू येत नाही ते सगळं मिश्र का?"

सुनेने अंगणाचं दार लावून घेतलं. नात मात्र मलाच विचारते, "दादा, यू सेड इट्स गुड. कॅन आय टच इट?"

विषारी असेल, तर माझ्याच शब्दावर तो तिथे जिवंत आहे. नसेल, तर उद्या भिंत फोडून एका गरीब जिवाला मारतील.

फोटो खाली टाकलाय. नक्की ठाऊक असेल त्यानेच सांगा. अंदाज मी एकदा केलाय, तेवढा पुरे.