घुबडावरची चीर

मुलुंडला आमचे शेजारी गुणाजी परब जुनी नाणी जमवत. त्यांचं सगळ्यांत लाडकं म्हणजे घुबड कोरलेलं ग्रीकांचं चांदीचं नाणं. चौऱ्याऐंशीच्या लक्ष्मीपूजनाला त्यांच्या पत्नी जानकीवहिनींनी पूजेच्या चांदीबरोबर तेही चिंचेने घासलं. काळा थर जाताच घुबडावर खोल चीर दिसली. रडवेल्या होऊन त्यांनी मला हाक मारली, “वाट लावली गं मी!”

गुणाजींनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. “काळी झाक घालवलीस, ती तुझी करामत. चीर तुझी नव्हे. आत खरंच चांदी आहे ना, हे बघायला अडीच हजार वर्षांपूर्वी कुण्या व्यापाऱ्याने छिन्नी मारलीय.”

वहिनींनी चिरेवरून हलकेच बोट फिरवलं. “म्हणजे त्याचा हात इथेच लागला होता?”

मग आम्हा तिघांपैकी कुणालाच ते खाली ठेववेना.