अस्वल पाडणारा वर्ग

आमची मावशी तिसरीला गणित शिकवते आणि घरात कुणाचं ऐकत नाही. शाळेत टॅब्लेट आले, तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला तीन अ‍ॅप दाखवले. "एक निवडा. पण चाचणीत वर्ग आपटला, तर गणित काढून पीटीच्या सरांना देईन." पीटीच्या सरांना! शिट्टी वाजवल्याशिवाय ज्या माणसाचं तोंड उघडत नाही, त्याला! मावशीचा चेहरा एवढासा झाला. गणित म्हणजे तिचा जीव की प्राण.

आता शहाण्या माणसाने अ‍ॅप मुलांना देऊन बघितले असते. मावशीने काकांना दिले. गादी असो की खोकल्याचं औषध, घरात आलेली प्रत्येक वस्तू आधी नवऱ्यावर वापरून बघायची, ही तिची पद्धतच आहे. पहिल्या अ‍ॅपने काकांचे डोळे दुखले. दुसऱ्यावर ते चक्क घोरायला लागले. तिसरं हातात घेतलं आणि खो खो हसत बसले, चहा गार झाला तरी मान वर नाही. "ठरलं, हेच!" मावशी म्हणाली. अहो, पण हा माणूस हसतोय कशाला, हे विचाराल की नाही? नाही विचारलं!

त्या अ‍ॅपमध्ये एक अस्वल होतं. उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवायचं. चुकलं की धपकन चिखलात पडायचं आणि त्याची चड्डी सुटायची. टाळ्या कोण बघतंय मग? काकांना साताचा पाढा येत नाही, त्यामुळे त्यांची करमणूक आपोआपच होत होती.

चाचणीही त्याच अ‍ॅपवर होती. त्या दिवशी मी मावशीचा विसरलेला डबा द्यायला गेले, तर वर्गात नुसता धुमाकूळ. पोरं पोट धरून हसत होती. मोठ्या बाईंनी निकाल बघून कपाळाला हात लावला. कुणाला दोन गुण, कुणाला तीन. आणि वर्षभर बाईंसमोर तोंडातून शब्द न काढणारी, सगळे जिला 'मुकी मैना' म्हणायचे ती पोरगी, तिला वीसपैकी शून्य!

"अहो, चार पर्याय असतात! डोळे मिटून बोट ठेवलं तरी पाचेक बरोबर येतात," मोठ्या बाई कडाडल्या. "हिला एकही नाही?"

रडवेली मावशी एकदम थबकली. "एकही नाही?" ती मैनेच्या बाकाशी जाऊन बसली. "साती आठे किती गं?"

मैनेने खाली मान घातली. "छप्पन्न."

"मग त्रेसष्ट का दाबलंस?"

"छप्पन्न दाबलं तर ते पडत नाही."

"बाई, आम्हीपण हिलाच विचारत होतो," शेजारचा पोरगा म्हणाला. "खरं उत्तर ही सांगते, मग आम्ही ते सोडून दुसरं दाबतो."

मोठ्या बाईंनी तिथेच मैनेला वीसच्या वीस प्रश्न तोंडी विचारले. एक चुकेल तर शपथ! बाईंनी घसा खाकरला. "गणित तुमच्याकडेच राहू दे. ते अस्वल तेवढं घालवा."

इतक्यात मैनेने हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदा.

"बाई, चौथीची गणितं द्या ना. ही चुकवायला फार सोपी आहेत."