दीपस्तंभ, वटवृक्ष आणि धारणीची बस

आमच्या शाळेतला नववीचा अख्खा वर्ग दरवर्षी महाबळेश्वरला जाऊन येतो. कागदावर. 'माझी सहल' असा विषय दिला की पोट्टे गाईडमधली बस पकडतात, स्ट्रॉबेरी खातात, सूर्यास्त पाहतात आणि 'जड अंतःकरणाने' परत येतात. चिखलदरा आमच्या अमरावतीपासून दोन-अडीच तासांवर. निम्म्या वर्गानं तिथे भाजलेली कणसं हाणून पोट बिघडवून घेतलेलं असतं. पण ते लिहायचं नसतं, अशी त्यांची ठाम समजूत.

मी मराठी शिकवते आणि मला राग लवकर येतो. एका वर्षी वर्गच्या वर्ग महाबळेश्वरला गेलेला पाहून माझं डोकंच फिरलं. तेव्हापासून माझ्या तासाला निबंध एकदम लिहायचाच नाही, असा कायदा झाला. आधी बाकावरच्या शेजाऱ्याला तोंडी सांगायचं. बोलायला आमची पोरं कुणाला ऐकत नाहीत. मग जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर कच्चं लिहायचं, ते शेजाऱ्याला वाचून दाखवायचं, त्यानं नाक खुपसून प्रश्न विचारायचे, मग नको ते काटायचं आणि सगळ्यात शेवटी पक्कं. काटायची वेळ आली की घरातली भांडी विकायला काढल्यासारखे चेहरे होतात. "मॅडम, दीड पान भरलं होतं न!" असा टाहो फुटतो. मी काही दाद देत नाही.

गेल्या वर्षी आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. अकोल्याचे, उंचेपुरे, कडक इस्त्रीचे. बोलणं पुस्तकी, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. त्यांच्या चपलांचा आवाज आला की व्हरांड्यातली चिमणीसुद्धा गप्प बसायची. निरोप समारंभात विद्यार्थ्यांतर्फे एकानं बोलायचं असतं. एरवी प्रत्येक कार्यक्रमात आमची ठरलेली वक्त्री बोलते, वादविवादात ढाली जिंकणारी. पण या वेळी मी वर्गात विचारलं, आणि हात वर झाला तो मागच्या बाकावरच्या एका मुलीचा. ही मेळघाटात सेमाडोहच्या पुढच्या एका गावातली, वसतिगृहात राहणारी. वडील वाघ पाहायला आलेल्या पाहुण्यांना जीपमधून जंगल फिरवतात. पाचवीपासून शाळेत आहे, पण स्टेजवर चढलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"तुले जमन का?" मी विचारलं.

"जमो का नको जमो मॅडम, यावेळी मलेच बोलाचं हाय."

पर्यवेक्षक सर कुरकुरले. "शुक्रवारी ऐकवा मला. नाही बरं वाटलं तर नेहमीची मुलगी आहेच." म्हणजे पोरीच्या हातात उणापुरा आठवडा होता.

तिनं कच्चं लिहून आणलं. 'सूर्यापुढे काजव्याने काय चमकावे. सर म्हणजे आमच्या जीवनाचा दीपस्तंभ. सर म्हणजे वटवृक्ष.' मी तिथेच कागद आपटला.

"दीपस्तंभ? अमरावतीत समुद्र कुठून आणला वं? बडनेऱ्याच्या स्टेशनावरून?"

वर्ग हसला, तीही हसली. शेजारणीनं कायद्याप्रमाणे प्रश्न विचारला, "तुले सर काहून आवडतात, ते सांग ना." त्यावर हिनं कागदाची घडी घालून दप्तरात टाकली. दुसऱ्या दिवशी कागदावरून दीपस्तंभ गेला होता आणि 'परीस' आला होता. तिसऱ्या दिवशी परीस गेला आणि 'चंदनाप्रमाणे झिजणे' आलं. मला कळेना. इतर वेळी ही पोरगी अस्वल घरामागे आलं होतं ती गोष्ट अशी सांगते की आपण बाकावर पाय वर घेऊन बसावं.

मधल्या सुट्टीत मी तिला स्टाफरूमबाहेर गाठलं. बरंच खोदल्यावर ती बोलली. वसतिगृहात नवी असताना, पाचवीत, ती पळून गेली होती. घरची फार आठवण यायची. सरांना ती बसस्टँडवर सापडली. त्यांनी ना हात उगारला, ना ते रागावले. वसतिगृहाच्या बाईंना बोलावून घेतलं, तिघांची तिकिटं काढली आणि म्हणाले, चल, तुझ्या आईला भेटून येऊ. गावावरून जाणाऱ्या धारणीच्या बसमध्ये बसवून तिला थेट घरी नेलं, जेवू दिलं, आईच्या कुशीत झोपू दिलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणलं.

"अवं, मग हेच लिही ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

"पण मॅडम, खरी गोष्ट रस्त्यात झाली. अन् सरांनी सांगतलं होतं, हे कोणाले सांगू नको. म्या शब्द देल्ला."

 आजकाल असं वाक्य ऐकल्यावर कोणत्या बाईच्या मनात शंका येणार नाही? मी तिचा हात धरून सरळच विचारलं. ती आधी गोंधळली आणि मग भिंतीला टेकून खो खो हसली. "तसं काहीच नाही हो मॅडम! गमतीचं हाय. बाई मागच्या सीटवर घोरत होत्या, नाही तर त्यायनंच तुमाले सांगतलं असतं. पण सरांची इज्जत जाईन."

माझा जीव भांड्यात पडला, पण आता पेच पडला होता. जी गोष्ट सांगण्यासाठी तिनं हात वर केला होता तीच सांगायची सोय नव्हती. "सरांना विचारू या का?" मी म्हटलं. तिनं मान हलवली. "विचारलं तर त्यायले वाटन, मी सांगाले निघाली." मी माझी सगळी अक्कल पाजळली. खरं लिहावं, डोळ्यांनी पाहिलेलं लिहावं, वगैरे. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुमचं बरोबर हाय मॅडम. पण शब्द मी देल्ला हाय." 

गुरुवारी तिनं नवा कागद आणला. त्यात बसस्टँड होतं, तिकीट होतं, आईनं सरांना वाढलेली भाकर होती. आणि मध्येच एक वाक्य होतं, 'जाताना घाटात एक गोष्ट झाली, ती मी सांगणार नाही, कारण तसं ठरलं आहे.' मी पेन्सिलीनं ते वाक्य खोडलं. ऐकणाऱ्याला असं अर्ध्या वाटेत सोडू नये, म्हटलं. तिनं माझ्यासमोर खोडरबर काढून पेन्सिलीची रेघ पुसली. "हे नाही काटत मी. हे काटलं तर मंग मी काहून बोलून राहिली?" माझ्या कायद्याला इतक्या शांतपणे नकार देणारी ती पहिलीच. मला राग यायला हवा होता. आला नाही, उलट फार बरं वाटलं. पर्यवेक्षक सरांनी ऐकून "ठीक आहे" म्हटलं, आणि आमच्याकडे ही भलतीच मोठी शाबासकी असते.

समारंभात शाल, श्रीफळ झालं. तीन भाषणांत तीन दीपस्तंभ येऊन गेले. मग ती उठली. तिनं कागद दोन्ही हातांनी धरला आणि वाचायला लागली. 'तसं ठरलं आहे' म्हटल्यावर सभागृहात कुजबुज सुरू झाली. मी धास्तावून सरांकडे पाहिलं. सर खाली मान घालून शालीच्या गोंड्यांशी चाळा करत होते. ती बोलून खाली आली आणि पहिल्या रांगेत बसली.

सर उत्तराला उठले. खिशातून लिहिलेलं भाषण काढलं, उघडलं आणि परत घडी घालून ठेवलं.

"परतवाडा सुटला," ते म्हणाले, "अन् घाट सुरू झाला. घाट सुरू झाला अन् मी सुरू झालो. मले गाडी लागते. लहानपणापासून लागते. सेमाडोह येईपर्यंत आतडं बाहेर येईन असं वाटलं."

सभागृह हसून हसून फुटलं. पर्यवेक्षक सरांना ठसका लागला. सरांच्या तोंडून हे असं बोलणं आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. सर थांबले, हसले.

"हे एवढीशी पोट्टी, स्वतः रडून राहिली होती. ते रडणं सोडलं अन् माझं डोकं धरून बसली. फ्रॉकच्या खिशातला आवळा देल्ला. तुमाले वाटते मी हिले घरी नेलं. हिनं नेलं मले." मग त्यांनी माईक बाजूला सारला, पुन्हा जवळ ओढला. "पोरी, तुझा शब्द आजपासून मोकळा. ये वर. बाकीचं तू सांग, माझ्याच्यानं होत नाही."

ती उठली. लिहिलेला कागद खुर्चीवरच राहिला. माईक तिच्या उंचीला आणायला सर स्वतः वाकले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती काय सांगणार ते या वेळी मलाही माहीत नव्हतं.

"खिडकीची जागा माझी होती," ती म्हणाली. "पण सरांचं तोंड पाह्यलं, अन् म्या ते त्यायले देल्ली."