दळणाच्या दरानं ऊन

एमआयडीसीतल्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचे. दिवाळीनंतर कंपनीनं बिऱ्हाड चाकणला हलवलं आणि आम्हाला हातात हिशेब देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशीही मी सकाळी डबा भरला. तो घेऊन जायचं कुठं, हे भरून झाल्यावर लक्षात आलं.

आठवड्याभरात स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या. नवरा पतसंस्थेत नोकरीला. तो म्हणाला, "आता माझ्या कपाळावर एक चिकटव, म्हणजे मीही सापडेन."

केडगावात पुणे रस्त्यापासून आत आमचं घर आहे. खाली एक गाळा. त्यातला शिंपी गाव सोडून गेल्यापासून तो रिकामाच होता. मोबाईल दुरुस्त करणारा एक तरुण तो भाड्यानं मागत होता. नवऱ्यानं त्याला सांगितलं, "पाडव्याला सांगतो." आणि मला म्हणाला, "तोवर तुझं काही ठरलं तर गाळा तुझा. नाहीतर त्याचा."

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. कागदावर तीन रकाने आखले: काय विकायचं, कोण घेणार, आधीच कोण विकतंय. तिसरा रकाना सगळ्यात आधी भरायचा. सकाळी सुचलेला धंदा संध्याकाळी रस्त्यावर चक्कर मारली की मरायचा. झेरॉक्सची दुकानं होती, डबेवाल्या होत्या, ब्लाऊज शिवणाऱ्या तर गल्लीला एक. बेलापूरला नणंदेकडे गेले, तिथल्या बाजारात फिरले. ती म्हणाली, "वहिनी, पाहुणी म्हणून आलीयस का जप्तीला? बस की जरा!" बसून ठरत असतं तर कधीच ठरलं असतं. दुपारच्या गाडीनं परत आले.

माघात एकदा भाजीच्या गाडीवर समोरच्या नव्या इमारतीतली एक बाई भेटली. म्हणाली, "ताई, तुमच्या गच्चीवर पापड वाळत घालू का? आमच्या बाल्कनीत ऊनच येत नाही हो. आणि सासूबाईंना विकतचे चालत नाहीत."

"तुम्ही कशाला त्रास घेता? मीच करून देते," मी म्हटलं आणि घरी येऊन लिहिलं: पापड, मागणी आहे. त्या बाईचं शेवटचं वाक्य मी लिहिलं नाही. ते मला गैरसोयीचं होतं.

आमच्या गल्लीत पापड कुणी एकटीनं करत नाही. एकीनं पीठ भिजवलं की बाकीच्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात. आज हिच्याकडे, परवा तिच्याकडे. शेजारच्या काकू त्यात पुढे. त्या मूळच्या पाथर्डीकडच्या, हात आणि तोंड दोन्ही चालू. मी सगळ्यांना बोलावलं, सगळ्या आल्या. पण मी त्या दिवशी स्टोअर उघडलं होतं. कुटणाऱ्या वेगळ्या बसवल्या, लाटणाऱ्या वेगळ्या. लाट्या मोजून ताटात झाकून ठेवल्या.

"स्टोअरवाल्या बाई," काकू म्हणाल्या, "एक लाटी तोंडात टाकली तर मेमो देशील का गं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ताट जरा अलीकडे ओढलं.

संध्याकाळी जाताना प्रत्येकीच्या हातात मी मजुरीचं पाकीट दिलं. हसणं थांबलं. सकाळी पापड उलटायला गच्चीवर गेले तर जिन्याच्या तोंडाशी विटेखाली सगळी पाकिटं नीट ठेवलेली होती, बंदच्या बंद.

मी तशीच काकूंकडे गेले. "काकू, फुकट राबवून घेऊन मी पापड विकायचे, हे बरं दिसेल का?"

"ते बी न्हाई चालायचं."

"मग पैसे घ्या की."

"आमी तुझ्या घरी आल्तो, कामाला न्हाई," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडत बसल्या. मला बस म्हणाल्या नाहीत.

धंदा तिथंच अडकला. बाहेरच्या बाया लावायच्या तर गल्लीशी कायमचं वाकडं, आणि इमारतीतल्या सासूबाईंना शेवटी ते विकतचेच. शिमगा झाला. मोबाईलवाला टेप घेऊन आला आणि काउंटर कुठं बसेल ते मोजून गेला. मी वर गच्चीवर येरझाऱ्या घालत होते. खाली टेप सरकन आत जाण्याचा आवाज ऐकू येत होता.

त्याच आठवड्यात गिरणीवर काकू माझ्या पुढे रांगेत होत्या. बाजरीचं दळण घेतलं, पीठ बोटांनी चोळून पाहिलं, "लई जाड काढलंस" म्हणून गिरणीवाल्याला झापलं, आणि पदराच्या गाठीतले पैसे काढून दिले.

"काकू, इथं पैसे देताना काही वाटत नाही?"

"मग काय फुकट दळीन त्यो? तुझा सासरा हाय का?"

मी माझं दळण तसंच गिरणीवर ठेवलं आणि इमारतीत गेले. बाजरी काकूंची होती, गिरणी गिरणीवाल्याची. मी मात्र बाजरीही माझी आणि बायाही माझ्या करायला निघाले होते. त्या बाईनं माझ्याकडे पापड मागितलेच नव्हते. ऊन मागितलं होतं.

दार तिच्या सासूबाईंनीच उघडलं. मी एका दमात सांगितलं. पीठ तुमचं, हात तुमचे, सोबतीला कुणाला आणायचं ते तुम्ही बघा. पीठ मळायचं मशीन, शेवयांचं मशीन, मोठी पातेली, गच्ची, ऊन, वर जाळी माझी. दर किलोवर, दळणासारखा.

त्यांनी एकच विचारलं, "मधे मधे करणार नाही ना?"

"नाही," म्हटलं. ते मला सगळ्यात जड गेलं.

मळायचं मशीन जुनं मिळालं, ते गाळ्यात बसवलं. पाडव्याच्या आधीच्या रविवारी सासूबाई कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढून घेऊन आल्या. सून होती, इमारतीतल्या दोघी-तिघी होत्या. आमच्या गल्लीतल्या बाया उडदाचं पीठ घेऊन आल्या, काकूंसकट. गाळ्याच्या दारावर मी दर लिहून ठेवला होता; तो वाचून त्यांनी पीठ मशीनपाशी ठेवलं. चीक शिजला, वाट्या फिरल्या. माझं लक्ष आभाळाकडे. पश्चिमेला एक ढग होता, तो कुठं सरकतोय हे मी चार-चार मिनिटांनी बघत होते. त्यात डोक्यात नवंच सुरू झालं: जूनमध्ये या गाळ्यात काय?

मोबाईलवाला आला तेव्हा मी कठड्यावरून पाहिलं, नवरा खाली गाळ्याच्या दारात वाटीतला गरम चीक फुंकून खात होता.

"काका, मग पाडव्यापासून…?"

"गाळा गेला रे."

"कुणाला?"

नवऱ्यानं तोंडात घास असल्यामुळे चमच्यानं नुसतं वर दाखवलं.

ऊन उतरल्यावर मी गाळ्यात मशीन पुसत होते, तेव्हा काकू परात काखेत मारून खाली आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि पदराची गाठ सोडली.

"पुढच्या टायमाला पीठ घट्ट मळ," त्या म्हणाल्या. "लई सैल काढलंस. पैशे घेतीस ना?"

आणि पैसे माझ्या हातावर आपटून गेल्या.