गोलावरची चीर

आमच्या शाळेतला पृथ्वीचा गोल मी फोडला होता आणि दोन वर्षं गप्प बसलो होतो. खिळेगुरुजींबद्दल लिहायचं तर हे आधी सांगितलंच पाहिजे.

मुख्याध्यापकांना हे नाव मुलांनी दिलेलं. कोटाच्या उजव्या खिशात खिळे, डाव्यात छोटी हातोडी. चालताना खिळे खुळखुळत आणि मुलांबरोबर आम्ही शिक्षकही सावरून बसायचो. मोडलेली वस्तू ते प्रार्थनेच्या वेळी टेबलावर ठेवत. मोडणाऱ्याने पुढे येऊन तिच्याशेजारी उभं राहायचं, मग स्वतःच्या हाताने ती दुरुस्त करायची. विद्यार्थी असो की मास्तर. "मोडलं त चालते बे, लपोलं त नाही चालत," म्हणायचे. एकदा त्यांच्याच हातून दौत फुटली, तर स्वतःही उभे राहिले.

महाराष्ट्र राज्य नवं होतं, जळगाव जामोदकडच्या त्या शाळेत मीही नवा. नोकरी कायम व्हायची होती. सातवीला दाखवायला म्हणून कपाटावरून काढताना गोल हातातून निसटला, पुठ्ठा फाटला. वर्गात कुणी नव्हतं. फुटकी बाजू भिंतीकडे करून मी तो परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी झाडताना तो काशिनाथ शिपायाला दिसला आणि त्याने तो गुरुजींकडे नेला. वर्गाची किल्ली त्याच्याकडेच असायची. प्रार्थनेला गोल टेबलावर आला, पण कुणीच पुढे येईना, तेव्हा एक मास्तर हसले, "काय काशिनाथ, पृथ्वी उलथवली काय बे तू?"

"लेकराची आन, म्या नाही फोडला मास्तर."

गुरुजींची नजर रांगेवरून फिरली. माझ्यापाशी थांबली असं वाटलं.

"काशिनाथले कोनी काही म्हनू नका. कोनी येत नसन त मी उभा राह्यतो."

आठवडाभर ते रोज गोलाशेजारी उभे राहिले. मग स्वतःच खळ लावून त्यांनी तो चिकटवला. हिंदी महासागरावर आडवी चीर राहिली. त्यानंतर व्हरांड्यात खिळे खुळखुळले की माझ्या हातातला खडू मोडायचा.

दोन वर्षांनी निवृत्त होऊन गुरुजी आपल्या गावी, संग्रामपूरला निघाले. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणासाठी माझं नाव पुकारलं. तोवर माझी नोकरी कायम झाली होती, हेही कबूल करतो. लिहून आणलेलं भाषण खिशातच राहिलं. मी गोल आणून टेबलावर ठेवला आणि त्याच्याशेजारी उभा राहिलो. काशिनाथ चहाचे कप घेऊन दाराशी होता. आधी त्याच्याकडे वळलो.

"काशिनाथभाऊ, हा गोल मी फोडला होता. तुमच्यावर आळ येऊ दिला. गुरुजी, माझ्या जागी तुम्ही उभे राहिलात. दोघांचीही माफी मागतो."