टोपीवाली वायर

माझ्यासारखा कान अख्ख्या मुलुंडमध्ये कोणाला नाही. असं मीच सांगत फिरायचो, दुसरं कोणी नाही. नव्या सीडी प्लेयरपासून स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत मी जुनी लाल-पांढरी आणि नवी डिजिटल, अशा दोन्ही वायरी लावल्या. आठ दिवस 'डिजिटलची बातच और' म्हणत मिरवलो, आणि सासरे ऐकायला आले तेव्हा नुसतं डिजिटल ऐकवायला लाल-पांढरी उपटूनच टाकली. आवाज गायब!

सासरे सोफ्यावर, मी धावत नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे. नाव आजही माहीत नाही. कमी बोलणारा माणूस, कशालाही हात लावण्याआधी बोटं शर्टाला पुसायचा. माझ्याबरोबर घरी आला, तशी पुसली, डिजिटल वायर काढली, टोकावरची इवलीशी प्लास्टिकची टोपी उपसून माझ्या तळहातावर ठेवली.

"ही असताना या वायरीतून आवाज पुढे जातच नाही. आठ दिवस लाल-पांढरीच वाजत होती."

"अरे, पण माझा कान..."

"कान राहू द्या काका, आधी डोळे तपासा."