तिसाव्या घरचा दिवा

सोलरच्या बॅटरीत दर दोन महिन्यांनी पाणी टाकावं लागायचं. किस्से मात्र बिनपाण्याचे वाढायचे! कुरखेड्याच्या आमच्या ऑफिसात माणसं तीनच. नागपूरहून बदलून आलेले साहेब, ब्रह्मपुरीचे फिटर रशीदभाई अन् स्टोअर सांभाळणारा मी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आत जंगलातल्या एका गावात तीस घरांवर सोलरचे दिवे लावायची योजना आली. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून मला बाजारात थांबवून चहा पाजतात, उगाच कशाला वांधे!

*

पहिली मीटिंग गावातल्या चिंचेखाली. मे महिना, वर आभाळ पेटलेलं. साहेबांनी रुमालानं मान पुसत भाषण ठोकलं, "मंडळी, आता आम्ही तुमच्या घराघरात सूर्य आणणार!"

मागून एक म्हातारा उठला. "काऊन साहेब? आम्ही काय बिघडवलं तुमचं?"

*

त्याच मीटिंगमध्ये सोमीबाई उठली. सोमीबाई म्हणजे गावची दाई. अर्ध्या गावाला तिनंच जगात आणलेलं, त्यामुळे ती कोणाला भीत नसे.

"माह्या नावाचा दिवा माह्या घरी नोको," ती म्हणाली. "कुर्म्यावर लावा."

"कुर्मा म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

सगळे पुरुष एकदम आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहायला लागले. शेवटी रशीदभाईंनी कानात सांगितलं. कुर्मा म्हणजे गावाबाहेरचं खोपडं. पाळीचे पाच दिवस बाया तिथं राहतात. पुरुषानं तिकडे फिरकायचं नाही, अन् आत तर नाहीच नाही. साहेबांचे कान लाल झाले.

सोमीबाईचं सुरूच होतं. मागच्या पावसाळ्यात तिच्या सुनेचा पाय तिथं अंधारात सापावर पडला. जीव वाचला, पाय मात्र अजून ओढते. "एकडाव वाचली. दरडाव वाचन का?"

साहेबांनी फॉर्म पुढे ओढला. हा त्यांचा किल्ला! "बाई, यात घर क्रमांक लागतो. कुटुंबप्रमुखाचं नाव लागतं. त्या खोपड्याचा कुटुंबप्रमुख कोण?"

"तिथं कुटुंबप्रमुख दर पाच दिवसानं बदलते, साहेब!"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. साहेबांनी लिहिलं, "नियमात बसत नाही." बायांना असं गावाबाहेर बसवावं का, यावर पुढे पुष्कळ साहेबांनी पुष्कळ भाषणं केली. सोमीबाईला त्या घटकेला भाषण नको होतं, दिवा हवा होता. अन् खरं सांगतो, मीही तेव्हा मान खाली घालूनच बसलो होतो. त्याची लाज अजून वाटते.

*

दिवे लागले. महिन्याभरात गावपाटलाची तक्रार आली, दिवा पेटत नाही. रशीदभाई छतावर चढले, तर प्लेटवर ओलं पोतं!

"पाटील, हे काय?"

"दुपारी हात लावून पाह्यला त चटका बसला न भाऊ! इतक्या उन्हात म्हशीले तरी बांधते का कोणी?"

रशीदभाईंनी तासभर समजावलं. प्लेटला ऊन लागलंच पाहिजे, उन्हावरच ती चालते, वगैरे. पाटलांनी मान डोलावली. रशीदभाई खाली उतरले, सायकलवर टांग टाकली अन् सहज वळून पाहिलं. पाटील पोतं पुन्हा भिजवून राह्यले होते.

*

पुढच्या मार्च-एप्रिलात वेगळंच. एका घरी प्लेटभर मोहफुलं वाळत घातलेली. काळी, गुळगुळीत, तापलेली जागा; मोहासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

"बाई, अशानं दिवा नाई लागणार," रशीदभाई म्हणाले.

"दिवा नाई लागला त एक रात्र जाते, भाऊ. मोह सडला त वरीस जाते."

रशीदभाईंनी मोहाला हात न लावता पान्हे पिशवीत टाकले. मी तोवर मूठभर मोह खाऊन राह्यलो होतो.

*

आता आमच्या ऑफिसचं ऐका! साहेबांनी वर लिहिलं होतं, ऑफिसलाही एक सोलर सेट द्या. उत्तर आलं, "आपल्याकडे वीज उपलब्ध असल्याने नामंजूर." अन् कुरखेड्याची वीज म्हणजे सासरी गेलेली पोरगी, कधीतरी येणार अन् आल्या पावली जाणार.

जुलैची दुपार होती. आभाळ इतकं भरून आलं की खोलीत हाताला हात दिसेना. लाइट गेलेली. साहेब मेणबत्ती लावून अहवाल लिहून राह्यले होते. विषय, 'सौर ऊर्जेने उजळलेली गावे'. तेवढ्यात मीटिंगमधला तो म्हातारा भिजत दारात आला. बॅटरीचं पाणी मागायला आला होता. त्यानं मेणबत्ती पाहिली, साहेबांना पाहिलं, अन् फार मायेनं विचारलं, "साहेब, माह्यी प्लेट आणून देऊ का?"

*

सोमीबाईच्या नावाचा सेट, क्रमांक तीस, अजून स्टोअरात पडून होता. घरी लावायला ती तयार नाही, कुर्म्यावर लावायला साहेब तयार नाहीत. त्या पावसाळ्यात दर बाजाराला बाई ऑफिसात यायची, सेटवरची धूळ पदरानं पुसायची अन् निघून जायची. चौथ्या बाजाराला रशीदभाई वैतागले. "ए स्टोअरवाले, सेट निकाल! कागद पर बाईचं नाव आहे ना? मंग बाईचं घर कोणतं ते बाई सांगन!"

"नोकरी जाईल रशीदभाई," मी म्हणालो. ते कंत्राटी माणूस, घरी चार लेकरं.

"जाऊ दे. रेडिओ दुरुस्त करत होतो, पुन्हा करीन."

आम्ही गेलो. कुर्म्यापासून पन्नास पावलांवर एक पळस होता. त्याच्या पुढे पुरुषाला मनाई. मग काय, रशीदभाई पळसाखाली उभे राहून ओरडायला लागले, "लाल वायर वर! काळी खाली! प्लेटचं तोंड दक्षिणेले!" अन् पाय ओढत ती सापवाली सून स्वतः छतावर चढली. मध्येच आतून हसण्याचा कल्लोळ व्हायचा. आम्हाला आतलं काही दिसेना. रशीदभाई घामाघूम! जन्मात पहिल्यांदा त्यांच्या हाताला काम नव्हतं अन् तोंडाला इतकं होतं.

दिवस मावळता मावळता कुडाच्या फटींतून पांढराशुभ्र उजेड बाहेर आला. रशीदभाई पळसाला टेकून रडले. मला म्हणाले, डोळ्यात कचरा गेला.

त्या दिव्याची तक्रार कधी आली नाही. सोमीबाईला कारण विचारलं तर म्हणाली, "पुरुषाचा हात नाई ना लागला त्याले!"

*

अन् मग नागपूरहून बडेसाहेब तपासणीला आले. घरोघरी फिरले. एका प्लेटवर मोह, दुसरीवर ओलं पोतं. एका घरची बॅटरी लग्नात टेप वाजवायला गेलेली, वरात परतायची होती. बडेसाहेब तापत गेले, आमचे साहेब वाळत गेले.

"क्रमांक तीस कुठं आहे?"

 इतके दिवस कानाडोळा केलेल्या आमच्या साहेबांनी दबक्या आवाजात काय ते सांगितलं, अन् सांगताना रशीदभाईंकडे असं पाहिलं की मी समजलो, आज यांचं काम सुटलं.

"मंजूर जागा सोडून भलतीकडे?" बडेसाहेब कडाडले. "आत्ताच्या आत्ता काढा तो सेट!"

साहेबांनी रशीदभाईंकडे पाहिलं. रशीदभाईंनी माझ्याकडे. मी ड्रायव्हरकडे. ड्रायव्हर जीपखाली शिरला, म्हणे ऑइल गळून राह्यलं. बडेसाहेब संतापून स्वतःच निघाले. पळस ओलांडला. कुर्म्याच्या दाराशी सोमीबाई उभी होती, मागे सून. 

बाईनं हात जोडले अन् दारातून बाजूला झाली.

"या ना साहेब, आत या. पाहा, तपासा, काढून न्या. फक्त आमचा एक रिवाज आहे. आत गेलेल्या माणसाले पाच दिवस बाहेर येता येत नाई. जेवण आम्ही बाहेरून सरकवून देऊ."

बडेसाहेब परत आले. जीपच्या बॉनेटवर रजिस्टर उघडलं, पेन झटकलं अन् ठळक अक्षरात लिहिलं, "क्रमांक तीस. समक्ष आत जाऊन पाहणी केली. दिवा उत्तम चालू."